स्पोर्ट-टूरिंग बाईकला नवीन टायर घेताना: सातारकरांचे नेहमीचे प्रश्न

डॉमिनार ४००, आरआर ३१०, निन्जा ६५०, व्हर्सिस, म्हणजे ज्या गाड्या आठवडाभर कामावर जातात आणि शनिवारी बॅगा बांधून कोकणात उतरतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. प्रश्न सगळे लोकांचेच आहेत, कुणी पोवई नाक्यावर चहा पिताना विचारलेले, कुणी टायरवाल्याच्या दारात उभं राहून फोनवर. ट्रॅकवर पळवणाऱ्यांचं आणि निव्वळ कच्च्या रस्त्याला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, ते यात नाही.

स्पोर्ट-टूरिंग टायर म्हणजे नेमकं काय? मला तेच पाहिजेत का?

साधा कम्युटर टायर टिकतो भरपूर, पण ओल्या वळणावर त्याच्यावर भरवसा टाकवत नाही. उलट ट्रॅकच्या अंगाने बनवलेला चिकट टायर पसरणी घाटात लय भारी वाटतो आणि हायवेवर बघता बघता मधून संपतो. स्पोर्ट-टूरिंग या दोघांच्या मधला. बऱ्याच मॉडेलात मागच्या टायरचं मधलं रबर कडक असतं आणि कडेचं मऊ, म्हणजे सरळ रस्त्यावर झीज कमी आणि गाडी झुकली की पकड जास्त, यालाच ड्युअल कंपाउंड म्हणतात. रबरात सिलिका चांगल्या प्रमाणात असते त्यामुळे थंड, ओल्या रस्त्यावरही टायर लवकर काम करायला लागतो, आधी तापवत बसावं लागत नाही.

आता पाहिजेत का, तर महिनाभरात गाडी कुठं कुठं गेली ते जरा आठवा. वाढे फाट्यावरून हायवेला लागून शिरवळ एमआयडीसी आणि संध्याकाळी परत, हे रोजचं असेल तर तुमची नव्वद टक्के झीज सरळ रेषेत होतीय, मग यूट्यूबवर कोण गुडघा टेकवतंय ते बघून टायर घेऊ नका. राहायला मेढा आणि नोकरी महाबळेश्वरला असेल तर केळघर घाट, धुकं आणि पाऊस हाच तुमचा रस्ता. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण-खटावला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी माणसं खूश. त्यामुळे दहिवडीच्या मित्राला जो टायर चार वर्षं बिनतक्रार गेला तोच पाचगणीत चालेल असं नाही, आणि "तुझा कुठला आहे रे" एवढंच विचारून टायर घेणाऱ्यांनी हे आधी डोक्यात घ्यावं.

टायर बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

टायरच्या खाचेत खाली आडवा छोटा उंचवटा असतो, तो टीडब्ल्यूआय, म्हणजे टायर किती झिजला ते सांगणारी खूण. कडेला साइडवॉलवर बारीक त्रिकोण किंवा ती अक्षरं असतात, तिथून सरळ वर गेलं की सापडतो. रबर झिजून त्या उंचवट्याला लागलं की टायर संपला. कुणी म्हणेल अजून दोन महिने निघतील, निघतीलही, पण जूनमध्ये निघणार नाहीत.

खरं तर पावसाळी भागात तिथपर्यंत थांबूच नये. खाचांचं काम पाणी बाहेर काढायचं, आणि खाच जितकी उथळ तितकं कमी पाणी बाहेर जातं, म्हणजे कोरड्यात टायर ठीक वाटतो आणि पावसात अचानक दगा देतो. मे महिन्यात मागचा टायर निम्म्याच्या बराच खाली गेलेला असेल तर तेव्हाच बदला, ऑगस्टमध्ये बदलून काय उपयोग.

नक्षी शिल्लक असली तरी टायर बाद होऊ शकतो. साइडवॉलला बारीक भेगा पडल्यात, कुठं फुगवटा आलाय, कट आतल्या धाग्यापर्यंत गेलाय, अशा वेळी विचार करत बसू नका. खड्ड्यात दणका बसल्यावर फुगा आला असेल तर रिम पण तपासून घ्या.

नक्षी भरपूर आहे पण गाडी वळणात विचित्र वागते, आधी सरळ जाते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. फोर्क बिघडला का?

बहुतेक नाही. मागचा टायर चपटा झालाय.

हे आपल्याकडे हायवेवर अप-डाऊन करणाऱ्यांचं ठरलेलं दुखणं. मोटरसायकलचा टायर गोल असतो, पण एकसारखं सरळ चालवलं की मधला पट्टा झिजून सपाट होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूला कडा तयार होते. गाडी वळवायला झुकवली की त्या कडेवरून तिला चढून जावं लागतं, म्हणून आधी हट्ट करते आणि कड ओलांडली की धपकन पडते. यवतेश्वर घाटात पहिल्या दोन-तीन वळणातच कळतं. गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लावून मागून, टायरच्या उंचीला डोळा आणून बघा, किंवा बंद गाडीच्या टायरवर तळहात एका कडेकडून दुसरीकडे फिरवा, मधे पाटासारखं सपाट लागलं की समजायचं. याला इलाज नवीन टायर हाच, हवा कमी-जास्त करून काही होत नाही. आणि पुढच्या वेळी ड्युअल कंपाउंडच घ्या, सपाट तो पण होतो पण बराच उशिरा.

पुढच्या टायरचं वेगळं. तिथं नक्षीच्या ठोकळ्यांची एक बाजू जास्त झिजून खालीवर लाटा पडतात, ब्रेक मारताना हँडलला गुरगुर येते. हवा कमी ठेवल्यानं ते लवकर होतं.

साइडवॉलवर एवढे आकडे लिहिलेत, त्यातलं कामाचं काय?

समजा लिहिलंय १६०/६० झेडआर १७ आणि पुढं ६९ डब्ल्यू. १६० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे रुंदीच्या साठ टक्के उंची, म्हणजे ९६ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला, १७ म्हणजे रिम किती इंची. ६९ हा लोड इंडेक्स, त्याचा अर्थ ३२५ किलो. डब्ल्यू हा स्पीडचा, ताशी २७० पर्यंत. एच असेल तर २१०, व्ही असेल तर २४०, एस १८०.

आपण कुठं २७० नी जाणार, म्हणून खालच्या रेटिंगचा घेऊ, असं बरेच जण म्हणतात. तसं करू नका, स्पीड रेटिंग म्हणजे नुसता वेग नाही, त्या वेगाला होणारी उष्णता टायर किती सहन करतो ते पण आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, डबलसीट, बॅगा लावून कराडकडे निघालात की टायरला तीच परीक्षा असते. कंपनीनं दिलंय त्याच्या बरोबरीचं किंवा वरचं घ्यायचं, खालचं नाही. लोड इंडेक्सचं पण तेच. ४०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना मागं १५०/६० आर १७, ६६ एच येतो, ६६ म्हणजे ३०० किलो. पुढं ११०/७० ला ५४, म्हणजे २१२ किलो. गाडी १९० किलोची, दोन माणसं दीडशे, वर सामान, यातला मोठा भार मागं येतो, तरी आकडे पुरतात, फक्त ते टायरमध्ये पुरेशी हवा असेल तेव्हाचे आहेत हे कुणी सांगत नाही.

बाणाची खूण पण असते, टायर कुठल्या दिशेला फिरला पाहिजे त्याची. आणि साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे, उदाहरणार्थ २३२५, म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात सगळ्यात आधी हेच बघायचं.

किती जुना टायर घ्यावा?

वर्षभराच्या आतला मिळाला तर उत्तम. नीट सावलीत, कोरड्या गोडाऊनमध्ये ठेवलेला दोन वर्षांपर्यंतचा मी घेईन, पण त्याचा भाव पाडून. दुकानाच्या शटरबाहेर उन्हात लटकवलेला सहा महिन्यांचा असला तरी नको. गाडीवर चढवल्यानंतर पाच वर्षं झाली की दर वर्षी कुणा जाणत्याकडून तपासून घ्या, आणि बनल्याच्या तारखेपासून दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाका, मोठ्या कंपन्याही तेच सांगतात. घरात शेडमध्ये उभी असलेली, फक्त दसऱ्याला बाहेर निघणारी गाडी यात हमखास सापडते.

थोडा रुंद टायर टाकला तर पकड वाढेल ना? लूक पण येईल.

लूक येईल. पकडीचं म्हणाल तर नाही.

१५०/६० च्या जागी १६०/६० टाकला तर काय होतं ते बघा. चाक सगळं मिळून १२ मिलिमीटरनी उंच होतं, आणि रिम जर चार इंची असेल तर टायरच्या दोन्ही बाजू आत दाबल्या जातात, मधला भाग टोकदार होतो. १६० ला साधारण साडेचार इंची रिम लागते. म्हणजे रुंद टायर घेऊन रस्त्याला टेकणारं रबर वाढलंच असं नाही, घाटात गाडी वळायला जड होते ती वेगळी, आणि काही गाड्यांत टायर चेन किंवा मडगार्डला घासतो. एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीला पुढच्या-मागच्या चाकाचा हिशोब पण बदलतो. कंपनीच्या पुस्तकात जो साईज आहे तोच. पुस्तकात दोन साईज दिले असतील तरच दुसऱ्याचा विचार.

पैसे आहेतच खर्चायला तर साईज तोच ठेवून रबर वरच्या दर्जाचं घ्या.

शेवटी कुठला घेऊ ते सांगा की.

सांगतो, पण आधी साईज कुठल्या गटातला ते बघायचं.

११०/७० आणि १५०/६० चा गट, म्हणजे डॉमिनार, केटीएम ३९०, आरआर ३१०, ट्रायम्फ स्पीड ४०० वगैरे. यात देशी रेडियल आता खरंच चांगले झालेत. एमआरएफ स्टील ब्रेस, अपोलो अल्फा एच १, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, ही नावं कुठल्याही टायरवाल्याला माहीत असतात आणि साताऱ्यात नसले तरी दोन-चार दिवसात येतात. रोजचं हायवेचं काम आणि महिन्यातून एखादा घाट, यासाठी मी यांच्यापुढं जाणार नाही. यातले काही जरा स्पोर्टी अंगाचे आहेत, पकड छान पण मधून लवकर झिजणारे, त्यामुळे घेताना "टिकाऊ कुठला" हे टायरवाल्याला नाही, तीच गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारा. पावसाचे चार महिने घाटातच काढायचे असतील तर मिशलिन रोड ५ बघा, २०२० पासून आरआर ३१० ला कंपनीतूनच हा टायर यायला लागला, म्हणजे या साईजमध्ये तो आहे हे नक्की. ओल्यातली पकड त्याची वेगळीच. महाग आहे.

१२०/७० आणि मागं १६०/६० किंवा १८०/५५, हा मोठ्या गाड्यांचा गट. इथं मिशलिन रोड ५ आणि रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झेलर रोडटेक, ब्रिजस्टोन टी ३२, डनलॉप रोडस्मार्ट ४, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४ हे सगळे एकाच पंगतीतले. यांच्यात फरक आहेत, पण रस्त्यावर चालवणाऱ्या माणसाला त्या फरकापेक्षा टायर ताजा आहे का आणि मिळतोय का हे महत्त्वाचं. माझं मत विचाराल तर पावसाला मिशलिन, वळणात हलकी पडणारी गाडी पाहिजे तर पिरेली. देशीमध्ये टीव्हीएस युरोग्रिपचा रोडहाऊंड या साईजमध्ये आहे, खिशाला बराच हलका, आणि आयात टायरची वाट बघत गोटा टायरवर फिरण्यापेक्षा शंभर पट बरा.

एक घोळ टाळा. ब्रिजस्टोन आणि मिशलिनमध्ये मॉडेलच्या शेवटी जीटी लिहिलेलं असेल तर तो जड टूरिंग गाड्यांसाठी कडक बांधणीचा टायर, हलक्या गाडीला तो दगडासारखा लागतो. पिरेली एंजल जीटीमध्ये जीटी हे नावातच आहे, तिथं जड गाडीचं व्हर्जन 'ए' अक्षरानं ओळखतात.

फक्त मागचा बदलला तर चालेल का?

चालतं. मागचा आधी संपतोच, पुढचा साधारण त्याच्या दीड-दोन पट जातो. फक्त पुढचा अजून गोल आहे, भेगा नाहीत आणि फार जुना नाही हे बघा. शक्यतो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्या, मॉडेल बंद झालं असेल तर त्याच प्रकारचा तरी. एक रेडियल आणि एक बायस (आतले धागे तिरपे असलेला) अशी जोडी लावू नका, आणि पुढं चिकट स्पोर्ट, मागं स्वस्तातला कम्युटर हे तर अजिबात नको, ओल्या रस्त्यावर पुढचं चाक सांगतं चल आणि मागचं सांगतं थांब.

मोठ्या साईजचे टायर एवढे महाग का आणि स्टॉक का नसतो?

जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नवीन टायरची आयात मर्यादित यादीत टाकली, त्यात मोटरसायकलचे टायर पण आले, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. वर आयएसआय मार्क लागतो. त्यामुळे कधी पुढचा मिळतो तर मागचा नाही, असं होत राहतं. म्हणून मोठ्या गाडीवाल्यांनी टायर टीडब्ल्यूआयला टेकायच्या दोन महिने आधी चौकशी सुरू करावी. पुण्यात एक-दोन दुकानांना फोन, एक ऑनलाईन भाव, आणि साताऱ्यातल्या आपल्या माणसाला "मागवून देतो का" असं विचारणं, एवढं पुरतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुन्या भावाचा कागद कुणी दाखवला तर हे लक्षात असू द्या. पक्कं बिल घ्याच, वॉरंटीला तेच लागतं.

एकानं गाडी विकताना काढलेले आयात टायर देतो म्हणतोय, निम्म्या किमतीत.

तारीख बघा, आतून बघा. आतून म्हणजे खरंच टॉर्च लावून, पंक्चरचे प्लग किती आहेत, कुठं धागा दिसतो का. नवी गाडी घेतल्या घेतल्या शोरूमला काढलेले असतील तर विचार करा. हजारो किलोमीटर पळालेला, कुणी कसा चालवलाय माहीत नसलेला, रिमवरून पहारीनं उपटलेला टायर निम्म्या काय पाव किमतीत पण नको.

टायर कुठं चढवून घेऊ? कोपऱ्यावरचा पंक्चरवाला करतो म्हणतोय.

पंक्चर काढण्यात तो उस्ताद असेल, पण १८०/५५ चा रेडियल टॉमी आणि हातोड्यानं उतरवणं हे वेगळं प्रकरण आहे. बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी टायरची कड, एवढी घट्ट बसलेली असते की जोर लावताना रिमला ओरखडे पडतात किंवा बीडच फाटते. ओळखीतल्या एकाच्या रिमला असाच चरा पडला, नंतर तिथूनच बारीक हवा जायला लागली, दर चार दिवसांनी हवा भरायला जातोय.

मशीन असलेलं दुकान बघा, ज्याच्याकडं मोटरसायकलच्या चाकाचा अडॅप्टर आणि रिमला लावायची प्लॅस्टिकची टोपणं आहेत. चाक तुम्हीच किंवा तुमच्या मेकॅनिकनं काढून नेलं तर अजून चांगलं, मजुरी पण कमी पडते. तिथं उभे राहा, मोबाईल खिशात ठेवा आणि बघा: बाणाची दिशा बरोबर आहे का, बीडला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावलीय का, ग्रीस नाही ना लावत, रबरी व्हॉल्व्ह नवीन टाकला का. व्हॉल्व्ह अगदी किरकोळ पैशात येतो आणि लोक वाचवतात कुठं तर तिथं. टायरवर रंगीत ठिपका असेल तर तो बहुतेक व्हॉल्व्हच्या समोर ठेवतात, टायरची हलकी बाजू असते ती. हवा भरताना बीड दोन्ही बाजूला फट्‌ असा आवाज करून बसते, आणि रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ असते ती सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं आत, कुठं बाहेर असेल तर हवा सोडून परत बसवायला लावा.

बॅलन्सिंग करूनच घ्या. शहरात चालवताना कळत नाही, हायवेवर ऐंशी-नव्वदच्या पुढं हँडल थरथरायला लागलं की कळतं.

चाक परत लावल्यावर मागचा नट टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या आकड्याला. चेनचा ताण आणि दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का बघा. एबीएसचा सेन्सर वाकडा नाही ना. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानातून गाडी हलवायच्या आधी पुढचा-मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा. चाक काढताना ब्रेक पॅड मागं सरकलेले असतात, पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि तो रिकामा जायची जागा राधिका रोडवरची गर्दी नसावी.

नवीन टायर घसरतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, साच्यातून निघाल्यानंतरची चकाकी त्यावर असते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश, झुकणं हळूहळू वाढवत, एकदम जोराचा रेस किंवा ब्रेक नको. पावसात टायर बदललात तर अजून जपून. सँडपेपर मारणं, रॉकेलनं पुसणं असले उद्योग करू नका, रस्ताच ते काम करतो. शिवाय जुन्या सपाट टायरवरून नव्या गोल टायरवर आलात की गाडी एवढी पटकन झुकते की पहिल्या वळणात दचकायला होतं, ते एका दिवसात अंगवळणी पडतं.

हवा किती ठेवायची?

गाडीच्या पुस्तकात आणि चेनगार्डजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. टायरच्या साइडवॉलवर जो मोठा आकडा असतो तो भरायचा नाही, ती पूर्ण लोडची मर्यादा. उदाहरण द्यायचं तर निन्जा ६५० ला पुढं ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मागं ३६. बायकोला मागं बसवून बॅगा लावल्या की बऱ्याच गाड्यांना मागचा आकडा वाढतो, पुस्तकात डबलसीटचा वेगळा रकाना बघा.

मोजायची ती थंड टायरला, सकाळी निघायच्या आधी. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि आकडा वाढलेला दिसतो, मग पंपावरचा पोरगा हवा काढतो आणि तुम्ही दिवसभर कमी हवेवर फिरता. साधारण दर पाच-सहा अंशाला एक पीएसआय असा हिशोब आहे, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमीच निघणार. डिजिटल गेज घ्या एक, टायरच्या किमतीपुढं काहीच नाही, कारण प्रत्येक पंपाचं मशीन आपलं वेगळंच सांगतं.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे खूप भेटतात. डांबरी रस्त्यावर हे उलटं आहे. हवा कमी झाली की टायर रस्त्यावर कमी दाबानं टेकतो, खाचा मिटतात, पाणी बाहेर ढकलायची ताकद जाते आणि साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायची भीती वाढते. वाळूत, चिखलात हवा कमी करतात ती गोष्ट वेगळी.

नायट्रोजन?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. फुकट असेल तर भरा.

महाबळेश्वरला वर गेल्यावर हवा बदलते का?

हा प्रश्न कुणी विचारला तर मला बरं वाटतं. साताऱ्यापासून वर साधारण सहाशे मीटरचा फरक आहे, बाहेरचा दाब कमी झाल्यानं गेज जवळपास एक पीएसआय जास्त दाखवतं. पण वर पाच-सहा अंश थंडी पण जास्त, त्यानं एक कमी होतो. झाली फिट्टमफाट, काही करू नका.

ऊसाच्या सीझनला काही वेगळं?

टायर वेगळा नाही, नजर वेगळी. कारखाने सुरू झाले की कराड, कोरेगाव, रहिमतपूर भागात रस्त्यावर शेतातला चिखल, पाचट आणि ट्रॉलीतून पडलेल्या कांड्या. ओल्या चिखलाचा पातळ थर बसलेल्या डांबरावर जगातला कुठलाही टायर धरत नाही, रोड ६ असो नाहीतर आणखी काय. तसंच जूनच्या पहिल्या सरीला, महिनोन्‌महिने साचलेलं तेल आणि धूळ वर येते, तासभर पाऊस पडून रस्ता धुतला जाईपर्यंत टपरीवर थांबलेलं बरं.

पंक्चर झालं तर प्लग मारून टूरला जाऊ का?

मधल्या भागात छोटा खिळा असेल तर वादी, म्हणजे तोच रबरी प्लग, मारून घरापर्यंत या, हळू. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या, ते जास्त भरवशाचं. साइडवॉलला किंवा अगदी कडेला असेल तर दुरुस्ती नाही, बदलायचा. वादी मारलेल्या टायरवर डबलसीट, पूर्ण सामान आणि ताशी शंभर हे एकत्र करू नका. आतून ओतायचं लिक्विड अडीनडीला ठीक, पण बॅलन्स बिघडवतं आणि पुढं पॅच लावणारा शिव्या देतो.

स्पोकचं चाक असलं तर ट्यूबलेस लिहिलेला टायर लावला तरी बहुतेक गाड्यांना आत ट्यूब लागतेच, कारण हवा स्पोकच्या भोकांतून जाते. इंटरसेप्टर ६५० च्या स्पोकवाल्या गाड्या याच्यातल्या. ट्यूबला खिळा लागला की हवा एकदम जाते, म्हणून लांब निघताना जास्तीची ट्यूब बॅगेत असू द्या.

एक जोडी किती किलोमीटर जाते?

वजन, वेग, हवा, रस्ता, तुमचा उजवा हात, सगळं बदलतं. त्याच मॉडेलचा टायर हायवेवर एकसारखं ऐंशीनं जाणाऱ्याला जेवढा जातो त्याच्या निम्माच प्रत्येक सिग्नलला गाडी उडवणाऱ्याला जातो. डांबर पण फरक पाडतं, खडबडीत रस्ता रबर जास्त खातो.

वॉशिंग सेंटरवाला टायर चमकवून देतो, चांगलं दिसतं.

चारचाकीला मारू दे. दुचाकीला ते पॉलिश साइडवॉलवरून नक्षीच्या कडेला उतरतं, आणि तीच कड वळणात रस्त्याला लागते. गाडी धुवायला देताना "टायरला काही मारू नको" असं आधीच सांगून ठेवा. मारलंच असेल तर शाम्पूच्या पाण्यानं ब्रश घेऊन दोन्ही टायर घासून धुवा, सुकू द्या, आणि घरी जाताना वळणं सावकाश घ्या.